उथळ बाजूचा खडक

१

“उथळ बाजू आधी बांध, उमा. पैसे कमी पडले तर फरशा लावू नकोस, दिवे लावू नकोस, माझ्या नावाची पाटी तर मुळीच नको. पण उथळ बाजू सोडायची नाही.”

हे ह्यांचे शब्द. दवाखान्यातल्या खाटेवर, नाकातली नळी एका हाताने बाजूला धरून बोललेले. मी “बरं” म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी नळी पुन्हा जागेवर जाऊ दिली.

कर्जतजवळ कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशी आमची थोडी जमीन आहे, आणि ओहोळापलीकडे ठाकरवाडी. आमच्याकडे राखणीला असलेल्या जैतूचा मुलगा कमळ्या दोन पावसाळ्यांमागे नदीच्या डोहात बुडून गेला. हे काठावर होते. जन्मभर कर्जतच्या शाळेत गणित शिकवलं, पण ह्यांना पोहता येत नव्हतं. त्या दिवसानंतर ह्यांनी बाजारपेठेतला गाळा विकला, न्यास केला आणि आमच्या जमिनीत पोहण्याचा तलाव खोदायचा ठरवलं, वाडीच्या पोरांना शिकवण्यासाठी. खोदाई, सळई, काँक्रीट, पाणी गाळायचं यंत्र, सगळ्याचा अंदाज स्वतः मांडला. अंदाजपत्रकातली पहिली ओळ उथळ बाजूची होती, पोरांच्या कमरेएवढ्या पाण्याची.

त्याच ओळीवर केयूरने लाल रेघ मारून आणली होती.

केयूर म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. न्यासाचा व्यवहार हे गेल्यापासून तोच बघतो. माझ्या ओटीवर बसून तो फार गोड बोलत होता.

“काकू, वाईट वाटून घेऊ नका. खाली काळा पाषाण लागला. माती काढायचा दर वेगळा आणि खडक फोडायचा वेगळा, कितीतरी पट. बारा लाख जादा गेले. आता खोल भाग होईल तेवढाच. पुरुषभर पाणी.”

“पुरुषभर पाण्यात लहान पोरं शिकायची कशी रे?”

“ते बघू पुढे. वरच्या अंगाला बंगल्यांची नवी वसाहत होतेय ना, ते लोक उरलेला खर्च करायला तयार आहेत. फक्त तलाव त्यांच्या सभासदांसाठी राहील. वाडीच्या पोरांना वर्षातून एखादा दिवस ठेवू की!”

एखादा दिवस! माझ्या हातातली जपमाळ थांबली. आवाज चढवायची मला सवय नाही. राग आला की माझा आवाज उलट खाली जातो.

“बरं,” मी म्हटलं. “बारा लाखांचा खडक फुटला, तर तो दगड ठेवलास कुठे? निघेल त्या दगडाचं कुंपण घालायचं, असं ह्यांनी सांगितलं होतं.”

केयूरने चहाचा कप उचलला आणि तोंडाला न लावताच खाली ठेवला.

“आहे… होता. मागच्या बाजूला ढीग होता. बघतो मी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी आली आणि जैतूला घेऊन गेली. आरोप असा, की त्याने दगडाचा ढीग चोरून विकला. तक्रार केयूरची होती.

२

जैतूची बायको जिजा माझ्या दारात उभी राहिली. डोळे कोरडे.

“उमाबाय, माज्या मान्साला चोर म्हनत्यात.”

मी पूजा आटोपली आणि तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. आत भिंतीला लागून लांब बाक रिकामं होतं आणि जैतू खाली फरशीवर बसला होता.

“ह्याला वर का बसवलं नाही?” मी जमादारांना विचारलं.

“ताई, संशयित आहे तो.”

मीही पदर सावरून जैतूशेजारी फरशीवर बसले. जमादार “अहो ताई, अहो ताई” करत राहिले. थोड्या वेळाने आम्ही तिघंही बाकावर होतो.

“जैतू, खरं सांग. दगड विकलास?”

“कंचा दगड, बाय? माती निघाली, तिच्यामागनं माती निघाली. जो दगड डोल्यानं बघितला नाय त्यो इकू कसा?”

“सगळे असंच म्हणतात,” जमादार हसले.

संध्याकाळी जैतूला सोडलं, पण रोज हजेरी द्यायला सांगून. वाटेत दुकानापाशी दोघं-तिघं त्याच्याकडे बघून कुजबुजले. ज्या माणसाच्या भरवशावर शेजारचे बंगले आठवडाभर बंद राहतात, त्याच्याकडून सगळ्यांनी चाव्या परत घेतल्या. पायाखालची जमीन काढून घेणं म्हणतात ते हेच.

“जिजा,” मी म्हटलं, “ज्या ठिकाणी त्याला चोर म्हटलं, त्याच ठिकाणी त्याला सोडवीन.”

बोलून तर गेले, पण हातात काय होतं? खोदाई झाली तो माघातला आठवडा मी गाणगापूरला होते. रविवारी कुदळ मारली, नारळ फोडला आणि मी गाडी पकडली. सोमवारी प्रदोष. सांजेला उपास सोडायला बसणार, तोच केयूरचा फोन. “काकू, पुरुषभर खाली गेलो आणि काळा पाषाण लागला हो!” हातातला घास तसाच राहिला होता. परत आले तोवर खड्ड्याच्या तळावर आणि भिंतींवर काँक्रीट पडलेलं. जमिनीने तोंड मिटून घेतलं होतं. बंगले उघडतात शनिवारी, म्हणजे शेजारीही कोणी नाही. राहिले जैतू आणि जिजा. चोर आणि चोराची बायको. त्यांचं कोण ऐकणार?

पण एक गोष्ट माझ्या मनात तांदळातल्या खड्यासारखी लागत होती. दगड चोरीला गेल्याचं मी विचारीपर्यंत कोणालाच कसं कळलं नव्हतं?

३

ठेकेदार कमलेश खोपोलीचा. सारखी बडीशेप चघळतो आणि सगळ्या जगाला मावशी म्हणतो.

“मावशी, खडक म्हणजे खडक! मशीनचे दात झिजले. माझा माणूस रडकुंडीला आला. खोटं वाटत असेल तर हे बघा!”

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. काळाभोर कातळ, त्याच्यावर पिवळं मशीन, आणि मागे उतारावर तेरड्याचा गुलाबी पट्टा.

“आपलीच जागा का ही?”

“मग काय! दुसऱ्याचा फोटो कशाला काढू?”

“आणि फोडलेला दगड किती निघाला?”

“ढीगच ढीग!”

“कुठे टाकलास?”

बडीशेप चघळणं थांबलं. “ते… साहेब सांगतील. मी आपला हुकमाचा ताबेदार. आणि मावशी, खरं सांगू? नकाशा त्या तेजश्री मॅडमचा. कागदावर खडक आणायचा तर ती शिकलेली माणसं आणतात. आपल्याला कुठलं जमतंय!”

म्हणून मी खालापूरला तेजश्रीकडे गेले. हिनेच तलावाचा नकाशा केला होता. पोरगी तरुण, तापट. मला पाणी देतानाच तिचा आवाज चढला.

“काकू, मी पहिल्या दिवसापासून ओरडत होते, की आधी चाचणीचा खड्डा घ्या. जमिनीत पैसा घालायचा आणि जमीन बघायची नाही? तर केयूर सर म्हणाले, कशाला फुकटचा खर्च! मग त्या आठवड्यात मला रसायनीच्या दुसऱ्या कामावर पाठवलं. परत येऊन बघते तर तळ झाकलेला.”

“मग खडकाच्या मोजमापावर सही कोणाची?”

“माझी नाही. मी मागत राहिले, की मला खडक दाखवा. तर म्हणे, दाखवायला आता तळ फोडू का? मी गप्प बसले, ही माझी चूक. पण मी एकटी काय करणार होते?”

ती खरं बोलत होती की आधीच सावध झाली होती, कळायला मार्ग नव्हता. खड्ड्यातून निघालेली माती तरी दिसेल म्हणून मी परतताना वसाहतीकडे पाहिलं. ती सगळी माती त्यांनी भराव म्हणून नेली होती. वर हिरवळीचे गालिचे लावून झाले होते, त्यावर फवारे फिरत होते.

संध्याकाळी मी ओहोळ ओलांडून वाडीत गेले. जिजाला सांगायला, की माझा शब्द पुरा होईलसं दिसत नाही.

तिच्या घराच्या उंबऱ्यातच मी थबकले. चुलीमागच्या कोनाड्यात माझे देव बसले होते.

४

माझं रोजचं पार्थिव पूजेचं व्रत आहे. सकाळी ताजी माती मळायची, महादेवाची अंगठ्याएवढी पिंड करायची, बेल वाहायचा आणि सांजेला तीच पिंड पाण्यात विसर्जन करायची. माती आमच्याच जमिनीतली लागते. हे गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. गाणगापूरला जाताना मी ते जिजावर सोपवून गेले होते. नात्यातल्या दोघी-तिघींनी नाकं मुरडली, ती मुरडू दे. मी जिजाला एवढंच बजावलं होतं, “रोज सकाळी खड्ड्याच्या अगदी तळातली माती घे. वरची पायदळी आलेली असते.”

परतल्यावर विचारलं, तर ती म्हणाली होती, “झालं बाय समदं.”

आणि आता कोनाड्यात त्या आठवड्याच्या पिंडी ओळीने वाळत बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे सुकलेलं बेलाचं पान.

जिजाने पदर तोंडाला लावला. “चुकले गं बाय. तुमी सांगितलं व्हतं सांजंला पान्यात सोड म्हनून. मी गेलते वहालावर. दोनदा गेलते. हात म्होरं झाला नाय.”

“का गं?”

“माजं प्वार पान्यात गेलं. आता देवाला बी मीच लोटू काय?”

शास्त्र मला पाठ आहे. पण त्या क्षणी त्यातलं एक अक्षरही ओठांवर येईना.

तीच डोळे पुसून म्हणाली, “पोरांच्या कमरंएवडं पानी आसंल, पोरं त्यात हुबी ऱ्हातील, तवा सोडीन. बोलले मी, बाय.”

“सोड,” मी म्हटलं. पिंडींना नमस्कार करायला वाकले, आणि पहिल्यांदा त्यांचे रंग नीट दिसले. डावीकडच्या तांबड्या. मग पिवळसर, खरखरीत. मग पांढुरक्या, शाडूसारख्या मऊ. शेवटची करडी.

“जिजा, ह्या अशाच क्रमाने लावल्यास?”

“व्हय तर. पैली सोमवारची. वळ मोडली नाय.”

“आणि सगळ्या तळातल्या?”

“रोज शिडी लावून उतारले. तुमी बोल्लात तसं.”

मी दुसरी पिंड, मंगळवारची, हातात घेतली. दाराशी उजेडात नेली. तांबड्या मातीत कापलेल्या भाताची बारीक मुळं गुंतलेली होती.

आणि मला गाणगापूरचा प्रदोष आठवला. केयूर, कमलेश आणि तेजश्री, ह्या तिघांपैकी आधी खोटं कोण बोललं, हे त्या मुळांनी सांगून टाकलं होतं.

५

तेजश्रीने जागा दाखवली: तलावाच्या भिंतीला लागून, जिथे उथळ बाजू व्हायची होती आणि जमिनीला अजून कोणी हात लावला नव्हता. वाडीतल्या बाप्यांनी चर खोदायला घेतला. एक पैसा कोणी मागितला नाही. चर तलावाच्या तळाएवढा खोल गेला, तेव्हा मी सगळ्यांना बोलावलं. जमादारांनाही.

केयूर गाडीतून उतरला तोच चिडून. “काकू, हा काय पोरखेळ? आणि ताटात हे काय मांडलंय?”

“देव आहेत. चपला बाजूला काढ.”

पितळी ताटात पिंडी ओळीने ठेवल्या होत्या. जैतू चरात उतरला आणि पहारीने कडा साफ करत गेला. वर तांबडी माती. तिच्याखाली पिवळा मुरूम. मग पांढुरका थर, मग करडा. तेजश्री एकदा चराकडे बघायची, एकदा ताटाकडे. तिच्या तोंडून “अगं बाई!” एवढंच निघालं.

“पहार कुठे थांबली का रे जैतू?”

“लोन्यात जावी तशी गेली, बाय.”

“ही माती तलावाच्या तळातली,” मी ताट पुढे केलं. “जिजाने त्या आठवड्यात रोज आणलेली. वरपासून खालपर्यंत सगळे थर ह्यात आहेत. खडक नाही. जो खडक नव्हता, त्याचा दगड निघाला नाही. जो दगड निघाला नाही, तो चोरीला गेला नाही. जमादारसाहेब, ह्या माणसाने जे विकलं असं तुम्ही म्हणता, ते जगात नव्हतंच.”

“फोटो आहे की, मावशी!” कमलेश पुढे झाला.

“दाखव परत. मागे फुललंय ते काय?”

“फुलं आहेत कसली तरी.”

“तेरडा. भाद्रपदात गौरीला आणतो आम्ही. आपला तलाव खोदला माघात. माघात तेरड्याची काडी तरी दिसते का कुठे?”

कमलेशने मोबाइल खिशात घातला. केयूरने मात्र क्षणात रंग बदलला.

“म्हणजे ह्याने मला फसवलं!” तो कमलेशच्या अंगावर गेला. “काकू, शपथ सांगतो, ह्याने फोटो दाखवला आणि मी विश्वास ठेवला. मी काय खड्ड्यात उतरून बघतोय?”

“वा साहेब!” कमलेश थुंकला. “आता मी चोर काय?”

क्षणभर सगळ्यांना तेच खरं वाटलं. जमादारांनी कमलेशचा दंड धरला.

“थांबा,” मी म्हटलं. माझा आवाज इतका खाली गेला होता, की ऐकायला सगळे जवळ सरकले. “केयूर, तू मला गाणगापूरला फोन केलास, तो दिवस आठवतो?”

“असेल कुठलातरी.”

“सोमवार. प्रदोष. मी उपास सोडायला बसले होते. तू म्हणालास, पुरुषभर खाली गेलो आणि काळा पाषाण लागला. ही मंगळवार सकाळची पिंड. बघ, हात लावू नकोस. भाताची मुळं आहेत हिच्यात. पुरुषभर खाली भाताची मुळं जातात का रे?”

“म्हणजे काय?”

“म्हणजे मंगळवारी सकाळीसुद्धा खड्डा गुडघाभर होता.”

“तर काय!” कमलेश न राहवून ओरडला. “सोमवारी मशीनचा पाइपच फुटला व्हता! दिवसभर माणसं तंबाखू मळत बसली!”

म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

“कमलेशने तुला फसवलं असतं,” मी केयूरला म्हटलं, “तर आधी खड्डा खाली गेला असता, मग त्याने थाप मारली असती, मग तू मला फोन केला असतास. तुझा खडक खड्ड्याच्या आधी तयार होता. चाचणीचा खड्डा तूच नको म्हणालास. तेजश्रीला तूच लांब पाठवलंस. आणि मी दगड मागितला, तेव्हा तुझ्याकडे द्यायला दगड नव्हता, म्हणून एक चोर दिलास. सगळ्यात गरीब होता तो उचललास.”

केयूर गाडीला टेकला. मग सगळं बाहेर पडलं. पैसे संपल्याचं दाखवायचं, तलाव वसाहतीच्या क्लबाला द्यायचा, बदल्यात त्याला तिथे एक बंगला. खडकाच्या बारा लाखांत कमलेशचा वाटा.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “शेवटी घरातली गोष्ट आहे. इथेच मिटवू. पैसे आणून देतो.”

“घरातली? जैतूला फरशीवर बसवलंस तेव्हा घर आठवलं नाही? मेलेल्या पोराच्या बापाला चोर म्हणालास, आणि कशासाठी? दुसरी पोरं मरू नयेत म्हणून ठेवलेल्या कमरभर पाण्यासाठी! तुझ्या काकांनी तेवढंच मागितलं होतं रे. पाटीसुद्धा नको म्हणाले होते.” मी थांबले, जपमाळ मुठीत घट्ट धरली. “पैसे तर तू देशीलच. आणि आता गाडीत बस. ठाण्यात जायचंय. मी दिलेला शब्द तिथला आहे.”

ठाण्यात तेच बाक होतं. जमादारांनी सगळ्यांसमोर तक्रार खोटी असल्याचं मोठ्याने वाचलं. मग जैतूकडे न बघता म्हणाले, “बस रे. बसा.”

“हुबाच बरा हाय,” जैतू म्हणाला.

६

वैशाखात पाणी सोडलं. उथळ बाजूला फरशा नाहीत, नुसतं घोटलेलं सिमेंट. दिवे नाहीत. पाटी नाही. वसाहतीतली एक बाई कुंपणावरून बघून म्हणाली, “अय्या, किती साधं!” तेजश्रीने तिला जे उत्तर दिलं, ते मी इथे लिहीत नाही.

पोरं पाण्यात उभी होती. पाणी त्यांच्या कमरेला लागत होतं. जैतू कडेला बसून एकेकाला दरडावत होता, “ए रं, ढकलू नको! पाय टेकतोय ना? मग वरडतोस कशाला?”

मी ओटीवर माझी सकाळची पूजा करत होते. जिजा वाडीकडून आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर धुतलेलं फडकं. माझ्यापुढे आली, टोपली उतरवून फडक्याचं टोक उचललं आणि ओळ दाखवली. एकही पिंड तडकलेली नव्हती.

“येऊ का गं बरोबर?”

तिने मान हलवली. नको.

फडकं नीट झाकलं, टोपली पुन्हा डोक्यावर न घेता दोन्ही हातांत धरली, छातीशी, जसं मूल धरतात तशी. पायरीपाशी चपला काढल्या आणि पोरांच्या गलक्याकडे हळूहळू चालू लागली.